९६ चा मिलेनियल, ९७ ची जेन झी: ही रेघ ओढली कोणी?

उंबरठा९७

मी जानेवारी १९९७ ची, माझा चुलतभाऊ डिसेंबर १९९६ चा. एकाच वर्गात शिकलो, कार्टूनं तीच पाहिली, पहिला मोबाइलही एकाच सुमारास हातात आला. तरी हल्लीच्या कुठल्याही लेखात तो मिलेनियल आणि मी जेन झी. म्हणजे त्याला घर घेणं परवडत नाही आणि मला फोन उचलायची भीती वाटते, असं लिहिणारे परस्पर ठरवून मोकळे.

तर ही रेघ आली कुठून? अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेने २०१८ मध्ये जाहीर केलं की १९८१ ते १९९६ मिलेनियल, आणि १९९७ पासून पुढची पिढी. कारणं साधारण अशी: ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला समजण्याइतकं वय, २००८ ची निवडणूक आणि मंदी कुठल्या वयात अनुभवली ते, आणि २००७ ला आयफोन आला तेव्हा जेन झीतले सर्वांत मोठे दहा वर्षांचे होते.

पण एकवाक्यता नाहीच. पिढ्यांवर लिहिणारे अमेरिकी लेखक स्ट्रॉस आणि हॉव यांनी १९९१ मध्ये मिलेनियलांची सुरुवात १९८२ पासून धरली, कारण ती मुलं २००० साली शाळा संपवून बाहेर पडणार होती. मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी नवी पिढी १९९५ पासून मोजतात. ऑस्ट्रेलियाचे समाजसंशोधक मार्क मॅक्रिंडलही १९९५ च म्हणतात, पण त्यांचं गणित वेगळं.

माझं मत विचाराल तर रेघ २००० च्या आसपास हवी. आयफोन २००७ ला आला म्हणजे २००७ ला मुलांच्या हातात आला असं नव्हे. प्यूच्याच पाहण्यांनुसार अमेरिकेत १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७३ टक्क्यांकडे स्मार्टफोन होता तो २०१४-१५ मध्ये, आणि ९५ टक्क्यांकडे २०१८ मध्ये. तोवर मी शाळा सोडून कॉलेजात पोचले होते. ज्यांची अख्खी किशोरावस्था स्मार्टफोनसकट गेली ते २००० च्या पुढचे. तुम्ही कुठे ओढाल रेघ?

सरळरेघ

कुठेही ओढली तरी उंबरठ्यावरचा माणूस तक्रार करणारच. २००० ला ओढली असती तर हाच धागा डिसेंबर १९९९ च्या कोणीतरी काढला असता. मतदानाचं वय १८. सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाला एक महिन्याने अक्कल येते असं कोणी म्हणत नाही, तरी रेघ लागतेच.

प्यूच्या रेघेचा फायदा असा की पेट्या सारख्या मापाच्या आहेत. जेन एक्स १९६५ ते १९८०, सोळा वर्षं. मिलेनियल १९८१ ते १९९६, सोळा वर्षं. तुलना करायची तर माप स्थिर नको का?

टवाळ

मी १९८० च्या ३१ डिसेंबरचा. आईने अजून काही तास कळ काढली असती तर आज तरुण म्हणून गणलो गेलो असतो. (हलकेच घ्या.)

आकडेमोड

सरळरेघ, मतदानाच्या वयाची उपमा इथे बसत नाही. तिथे कायदा आहे. रेघेच्या अलीकडच्याला मत देता येत नाही, पलीकडच्याला येतं. म्हणजे रेघेमुळेच फरक पडतो. १९९६ आणि १९९७ मध्ये तसं काय वेगळं घडतं? काहीच नाही. इथे फरक आधीपासून आहे असं गृहीत धरून रेघ ओढली आहे, आणि तो नेमका कुठे आहे यावरच तर भांडण आहे.

माप स्थिर आहे म्हणता, तर त्याची एक गंमत सांगतो. २०१६ मध्ये प्यूनेच लिहिलं होतं की २०१५ साली मिलेनियलांनी बूमरांना (१९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेल्यांना) संख्येत मागे टाकलं: ७.५४ कोटी विरुद्ध ७.४९ कोटी. तेव्हा त्यांचे मिलेनियल १९९७ पर्यंत जायचे. पुढे रेघ १९९६ वर आणली. मग २०२० मध्ये पुन्हा तीच बातमी, की २०१९ साली मिलेनियलांनी बूमरांना मागे टाकलं: ७.२१ कोटी विरुद्ध ७.१६ कोटी. चार वर्षांच्या अंतराने एकच शर्यत दोनदा जिंकली! जन्माचं एक वर्ष इकडचं तिकडे झालं आणि 'ऐतिहासिक क्षण' चार वर्षं पुढे सरकला. रेघेवर एवढं अवलंबून असलेल्या बातमीतून पिढीबद्दल आपल्याला नेमकं काय कळलं?

सरळरेघ

त्यावरून व्याख्या सुधारली एवढंच सिद्ध होतं. सुधारू नये का?

आकडेमोड

सुधारावी की. फक्त कशाशी ताडून सुधारली ते सांगता आलं पाहिजे. वजनकाटा चुकला तर प्रमाणित वजन ठेवून तपासता येतो. इथलं प्रमाणित वजन कुठलं?

जुनापाना

या सगळ्या पेट्यांमध्ये खरीखुरी कड फक्त बूमरांच्या पेटीला आहे, कारण ती जन्मांच्या आकड्यांवरून काढली. अमेरिकेत १९४५ ला साधारण २८.६ लाख जन्म, १९४६ ला ३४ लाख, १९५७ ला ४३ लाखांचं शिखर, आणि १९६५ ला पुन्हा चाळीस लाखांच्या खाली. आलेख काढून बघा, डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याला रेघ मारली तर बिघडलं काय?

आता दुसरी बाजू. डोंगर एक असला म्हणून त्यावरची माणसं एक होत नाहीत. १९४६ चा अमेरिकन मुलगा १९६४ ला अठरा वर्षांचा झाला तेव्हा पुढे व्हिएतनामचं युद्ध होतं. १९५२ साली जन्मलेले हे सक्तीच्या भरतीत बोलावलेले शेवटचे. १९५३ वाल्यांच्याही भरतीच्या सोडतीत चिठ्ठ्या निघाल्या, पण बोलावणं कोणालाच आलं नाही, १९७३ ला सक्ती संपली. म्हणजे १९५२ आणि १९५३ च्या मध्ये जी रेघ आहे ती खरी, जिवावर बेतणारी. आणि ती कुठे आहे? बूमरांच्या पेटीच्या पोटात! तिच्यावरून कोणी पिढीचं नाव ठेवलं नाही.

म्हणूनच १९५४ ते १९६५ मध्ये जन्मलेल्यांसाठी 'जनरेशन जोन्स' असं वेगळं नाव पुढे आलं. त्या वयाच्या माणसांना साठच्या दशकातल्या आंदोलनांची मालकी दिली जाते, तेव्हा त्यातली बहुतेक शाळकरी पोरं किंवा त्याहूनही लहान होती.

आणि यातला खास विनोद: 'जनरेशन एक्स' हे नाव ज्या कादंबरीमुळे १९९१ पासून रूढ झालं तिचा लेखक डग्लस कूपलंड, त्याचा जन्म डिसेंबर १९६१ चा. प्रचलित व्याख्येने तो बूमर. ज्याने पिढीला नाव दिलं त्यालाच त्या पिढीत जागा नाही.

मधलीफळी

जुनापाना, वाचून बरं वाटलं. आम्हा १९७७ ते १९८३ वाल्यांसाठीही 'झेनियल' असं नाव निघालंय २०१४ पासून. लहानपण तारेच्या फोनवर, विशी इंटरनेटवर. मला ते अगदी चपखल वाटतं, मिलेनियल म्हटलं की परक्याच्या लग्नात आल्यासारखं होतं.

टवाळ

थोडक्यात, प्रत्येक रेघेवर एक नवी पिढी, आणि तिच्या दोन्ही कडांना दोन नव्या रेघा. असंच चालू राहिलं तर शेवटी प्रत्येकाची आपापली स्वतंत्र पिढी होईल.

आकडेमोड

टवाळ थट्टेत बोलले तरी मुद्दा तोच आहे. सीमेवरच्यांसाठी मधली पेटी केली की भांडण मिटत नाही, दोन ठिकाणी वाटलं जातं. १९७६ चा कुठे जाणार?

जुनापानांच्या डोंगराला मात्र माझं अर्धंच अनुमोदन. जन्मसंख्येची कड पिढी घडवतेच असं नाही. जपानमध्ये पारंपरिक पंचांगानुसार १९६६ हे 'अग्निअश्वा'चं वर्ष. त्या वर्षी जन्मलेल्या मुली अशुभ अशी समजूत, म्हणून जन्म १८ लाखांवरून १३.६ लाखांवर आले आणि १९६७ ला १९ लाखांच्या वर गेले. यापेक्षा धारदार कड कुठे मिळणार? तरी १९६५ आणि १९६७ वाल्यांना दोन वेगळ्या पिढ्या कोणी म्हणत नाही.

याउलट रोमानिया बघा. ऑक्टोबर १९६६ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने ७७० क्रमांकाच्या हुकुमाने गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. १९६६ ला जन्म २.७४ लाख, १९६७ ला ५.२८ लाख. वर्षभरात जवळपास दुप्पट! प्रसूतिगृहं अपुरी, मग बालवाड्या अपुऱ्या, मग शाळांचे वर्ग ओसंडलेले, मग नोकऱ्यांसाठी रांगा. ही मुलं आयुष्यभर गर्दीत वाढली, आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये सरकार कोसळलं तेव्हा बाविशीची होती. त्यांना तिथे हुकुमाची मुलं अशा अर्थाचं नावच आहे. इथे मी विनातक्रार रेघ मान्य करतो. घटना कुठली, ती कोणाला लागू झाली, तिचा परिणाम काय, हे तिन्ही सांगता येतं. १९९७ च्या बाबतीत यातलं एक तरी सांगा.

उंबरठा९७

रोमानियाचं माहीत नव्हतं, भन्नाट प्रतिसाद. यावरून आठवलं: प्यूचं ११ सप्टेंबरचं कारणच घ्या. त्यांच्या म्हणण्यानुसार तेव्हा मिलेनियल पाच ते वीस वर्षांचे होते. पण माझा डिसेंबर ९६ चा भाऊ त्या दिवशी चार वर्षांचा होता! पाचही पूर्ण नव्हती. आणि समजा पाच असती, तरी एवढ्या मुलाला त्या घटनेचा अर्थ काय कळणार? त्याला टीव्हीवर धूर दिसला असेल फार तर.

निशिगंध

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये पिढ्यांच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला, आजही या विषयातली चर्चा तिथून सुरू होते. तो म्हणतो, एका काळात जन्मणं ही फक्त शक्यता आहे. त्या काळाच्या उलथापालथीत प्रत्यक्ष ओढले गेलात तर पिढी बनते. आणि त्यातही एकाच घटनेला वेगवेगळा प्रतिसाद देणारे गट असतात. कोणी परंपरेकडे वळतो, कोणी बंडाकडे. दोघे एकमेकांच्या विरोधात असूनही एकाच पिढीचे, कारण भांडणाचा विषय एकच आहे. मला हे फार पटतं. 'मिलेनियल असे असतात' असल्या वाक्यांना मानहाइमकडे जागा नाही.

घडण्याचं वय साधारण सतराच्या आसपासचं आणि पुढचं, असं त्याचं म्हणणं. शूमन आणि स्कॉट या समाजशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये अमेरिकनांना विचारलं होतं की गेल्या पन्नास वर्षांतली महत्त्वाची घटना कोणती. बहुतेकांनी स्वतःच्या किशोरवयात किंवा विशीच्या सुरुवातीला घडलेल्या गोष्टी सांगितल्या. पाच वर्षांचं वय या हिशेबात कुठेच येत नाही. त्यामुळे उंबरठा९७, तुझी शंका रास्त आहे. पण त्याच न्यायाने तुझी २००० ची रेघही अडचणीत येते. स्मार्टफोन तेरा ते सतराच्या वयात मिळाला म्हणून तो घडवतो, की सगळ्यांच्याच हातात आल्यामुळे सगळ्यांनाच बदलतो?

सरळरेघ

निशिगंध, निबंध ठीक आहे हो, पण मानहाइमच्या व्याख्येने सर्वेक्षणाचा तक्ता भरता येत नाही. 'तुम्ही उलथापालथीत ओढले गेलात का' असा रकाना कसा ठेवणार? जन्मवर्ष विचारता येतं.

आकडेमोड

जन्मवर्ष विचाराच, आणि ते तसंच ठेवा. १९९३, १९९४, १९९५. सोळा वर्षांचं गाठोडं बांधायची घाई का?

निशिगंधताईंनी शेवटी जे विचारलं तो या विषयातला सगळ्यात अवघड भाग आहे. कुठल्याही माणसाचं वय म्हणजे चालू वर्ष उणे जन्मवर्ष. त्यामुळे वयाचा परिणाम, काळाचा परिणाम आणि जन्माच्या तुकडीचा परिणाम हे तिन्ही एकमेकांत अडकलेले असतात. दोन ठरले की तिसरा आपोआप ठरतो. निव्वळ आकड्यांतून तिघांना वेगळं काढता येत नाही, बाहेरून काहीतरी गृहीत धरावंच लागतं.

उदाहरण घ्या. आज पंचविशीतली मुलं सारखी नोकऱ्या बदलतात. हा त्यांच्या पिढीचा स्वभाव? की पंचविशीत सगळेच नोकऱ्या बदलतात? की सध्याचा बाजारच असा आहे, आणि चाळिशीतलेही बदलतायत? हे ओळखायचं तर आजच्या पंचवीस वर्षांच्यांची तुलना १९९५ च्या पंचवीस वर्षांच्यांशी हवी. आजच्या पंचावन्न वर्षांच्यांशी तुलना करून 'पिढ्यांतला फरक' म्हणून छापणं ही फसवणूक आहे, आणि नव्वद टक्के लेख हेच करतात. (नव्वद माझ्या वैतागाचा आकडा आहे, पुरावा मागू नये.)

बाजारबुणगे

जाहिरात क्षेत्रात आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. 'वय २५ ते ३४, शहरी, भाड्याच्या घरात' असं सांगितलं की बैठकीत जांभया येतात. 'मिलेनियल' म्हटलं की सगळे पुढे सरकून बसतात. माहिती तीच, उलट दुसऱ्यात कमीच. पण नावाला चेहरा असतो, भीती असते: आपल्याला ही नवी पोरं कळत नाहीत, आणि ज्याला कळतात तो सल्लागार पैसे घेणार. रेघ १९९५ का ९७ याची तिथे कोणाला पडलेली नसते. मॅक्रिंडल यांची पद्धत त्या दृष्टीने आदर्श: सरसकट पंधरा वर्षं. वाय (म्हणजे मिलेनियलच) १९८० ते ९४, झी १९९५ ते २००९, अल्फा २०१० ते २४, बीटा २०२५ ते ३९. कारणं शोधायची कटकटच नाही.

जुनापाना

म्हणजे २०३९ ला जन्मणाऱ्या बाळाची पिढी आज ठरली. त्याच्या आईबापांची अजून ओळखही झाली नसेल.

परदेशस्थ

आणखी एक गोष्ट या धाग्यात राहून जातेय. सगळ्या रेघा अमेरिकेच्या. ११ सप्टेंबर, तिथली निवडणूक, तिथला जन्मांचा डोंगर. बाकी जगात तो डोंगर वेगळ्या जागी आहे. ब्रिटनमध्ये दोन शिखरं, १९४७ आणि १९६४, दोन्ही वर्षी दहा लाखांच्या वर जन्म, आणि मध्ये दरी. जर्मनीत शिखर १९६४ ला, म्हणजे अमेरिकी व्याख्येत जिथे बूम संपतं तिथे. जपानची युद्धोत्तर लाट म्हणजे जेमतेम १९४७ ते ४९ अशी तीन वर्षं, त्यात सुमारे ८० लाख मुलं. त्यांच्या नावाची पिढी तेवढीच, तीन वर्षांची! आणि ती सोळा वर्षांच्या पिढीपेक्षा जास्त खरी वाटते.

चीनमध्ये सरळ दशकं: ऐंशीनंतरचे, नव्वदनंतरचे, शून्यनंतरचे. दक्षिण कोरियाचं तर आणखी मजेदार. नव्वदच्या दशकात '३८६ पिढी' म्हणायचे: वय तिशीत, ऐंशीच्या दशकात विद्यापीठात, जन्म साठच्या दशकातला. मग ती माणसं चाळिशीत गेल्यावर ४८६ झाली, पन्नाशीत ५८६. त्यात फक्त जन्मवर्ष नाही, ते विद्यापीठात केव्हा होते हेही आहे, कारण लष्करी राजवटीविरुद्धची आंदोलनं तिथे झाली. मानहाइम खूश झाला असता.

निशिगंध

+१. आणि त्या नावात विद्यापीठात न गेलेल्यांना जागाच नाही, हेही लक्षात घ्या. पिढीचं नाव बहुतेकदा तिच्यातल्या बोलक्या तुकडीवरून पडतं. उरलेल्यांना ते फुकट चिकटतं.

मधलीफळी

हे सगळं खरं असेलही, पण मग माणसांना ही नावं आवडतात का? मला झेनियल शब्द सापडला तेव्हा आनंद झाला तो काही कुणी विकला म्हणून नव्हे. समवयस्कांशी बोलताना काही गोष्टी सांगाव्याच लागत नाहीत. त्याला नाव असलं तर काय बिघडलं? सगळंच शास्त्राच्या कसोटीवर घासायला हवं का?

आकडेमोड

काहीच बिघडत नाही, मधलीफळी. गप्पांसाठी वापरा, मीही वापरतो. बिघडतं ते त्यावरून धोरण ठरतं तेव्हा. 'जेन झी कर्मचाऱ्यांना कसं हाताळावं' अशा कार्यशाळा चालतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२० मध्ये याच प्रश्नावर अहवाल काढला आणि कामाच्या ठिकाणी पिढीनुसार माणसं वेगळी वागवायला संशोधनाचा आधार मिळत नाही असा निष्कर्ष दिला. २०२१ मध्ये समाजशास्त्रज्ञ फिलिप कोहेन यांनी प्यूला खुलं पत्र लिहिलं की ही नावं वापरणं थांबवा. दीडशेहून अधिक अभ्यासकांच्या त्यावर सह्या होत्या. आणि २०२३ मध्ये खुद्द प्यूनेच जाहीर केलं की यापुढे पिढ्यांची तुलना करायची तर त्याच वयातल्या आधीच्या लोकांशी, तशी जुनी माहिती हाताशी असेल तरच. आणि ठरलेल्या पेट्या दर वेळी डोळे झाकून वापरणार नाही. ज्यांची रेघ आपण इथे प्रमाण मानून भांडतोय त्यांनीच हात सैल सोडलाय.

सरळरेघ

सैल सोडलाय, काढून घेतलेला नाही. २०२३ नंतरही मिलेनियल शब्द त्यांच्याकडे दिसतो. मी माझ्या मतावर ठाम आहे: वाईट रेघ ही रेघ नसण्यापेक्षा बरी, निदान सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतात.

आकडेमोड

पण बोलत नाहीत ना! याच धाग्यात जेन झी १९९५, १९९७ आणि २००० अशी तीनदा सुरू झाली.

उंबरठा९७

आणि संपतेही तशीच. प्यूच्या तक्त्यात २०१२ लिहिलेलं असतं, पण तो शेवट नक्की केलेला नाही, विश्लेषणापुरता धरलाय असं त्यांनीच म्हटलं होतं. लोकांनी मात्र ते वर्ष दगडावर कोरलं.

माझी २००० ची रेघ मी मागे घेत नाही, पण आकडेमोड दादांच्या अटीवर नव्याने मांडते: 'शाळेच्या वयात सगळ्या वर्गाकडे स्मार्टफोन होता की नाही' एवढ्यापुरतीच ती रेघ. घर, नोकरी, मतदान यांना तिचा संबंध नाही. त्यांना हव्या तर त्यांनी आपापल्या रेघा शोधाव्यात. आणि ज्या देशात फोन उशिरा पोचला तिथे तीच रेघ उशिरा.

निशिगंध

हे चालेल. फक्त मग तिला पिढी म्हणू नकोस, तुकडी म्हण.

जुनापाना

आणि २०२० च्या टाळेबंदीचं काय? जगभर शाळा बंद, तीही जवळपास एकाच महिन्यात. रोमानियासारखी तारीख आहे, कोणाला लागू झाली तेही माहीत आहे. पहिलीत असताना घरी बसलेलं मूल आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षी बसलेला, यांच्यावरचा परिणाम एकच कसा असेल? प्रचलित पेट्यांत मात्र २०१२ ला रेघ असल्यामुळे आठ वर्षांचा आणि बावीस वर्षांचा दोघे जेन झी, आणि सहा वर्षांचा अल्फा.

बाजारबुणगे

याचं नाव आमच्याकडे कधीच तयार आहे, सांगत नाही. वापरायला लागाल.

टवाळ

मी ३१ डिसेंबरचा असल्यामुळे त्यातही बाहेरच राहीन.